आठवीच्या वर्गात भागाकार शिकवायचा का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. शिक्षणसेवक म्हणून दुसरं वर्ष. आठवीच्या निम्म्या मुलांना साधा भागाकार येत नाही, अपूर्णांकाचं तर नावच नको. पुस्तकात मात्र विस्तार सूत्रं आणि बहुपदी. मुख्याध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम पूर्ण झालाच पाहिजे. हीच मुलं कापूस वेचणीचा हिशेब तोंडी चोख करतात आणि वहीत तोच हिशेब आला की गडबडतात. पालक सेमी-इंग्रजी सुरू करा म्हणून मागे लागलेत. आणखी एक. परवा एका मुलानं विचारलं, 'मॅडम, भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा काहून करा लागते जी?' मी म्हटलं, नियम आहे. मी बी.एस्सी.ला गणितच घेतलं होतं, गुणही चांगले आहेत, पण एपसिलॉन-डेल्टाच्या सिद्धता, सगळं पाठ करून लिहिलं. मी गणित शिकवायच्या लायक आहे का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. लायक आहात. 'नियम आहे' हे स्वतःचंच उत्तर तुम्हाला टोचलं, मला तेवढं पुरे. बाकीचं शिकून घेता येतं. त्या पोराच्या 'काहून'चं उत्तरही पुढे देते.

आता मथळ्यातला प्रश्न. हो, आठवीत भागाकार शिकवायचा. लपूनछपून नाही, वेळापत्रकात तास दाखवून. ही अवस्था तुमच्या एकट्या शाळेची नाही. 'असर' या शाळकरी मुलांच्या वाचन-गणिताच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येणारी निम्म्याहून कमी निघाली. गेली काही वर्षं हा आकडा जवळपास तिथेच घुटमळतो आहे. म्हणजे देशभर आठवीचे शिक्षक बहुपदींचा भागाकार अशा वर्गाला शिकवतात ज्यातल्या निम्म्यांना संख्यांचाच येत नाही. अभ्यासक्रम 'पूर्ण' होतो तो शिक्षकाच्या टाचणात. शिवाय २०२३ साली राज्यानं नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाला तर पुनर्परीक्षा, तीही नाही जमली तर पोरगं त्याच वर्गात. त्यामुळे पुढच्या वर्गात बघून घेतील, ही सोयही उरलेली नाही.

पण 'भागाकार येत नाही' हे निदान फार ढोबळ आहे. कुणाचं काय अडलं ते वेगवेगळं असतं, आणि उत्तरपत्रिकेवर लाल फुली मारली की ते कायमचं झाकलं जातं. एक साधी वजाबाकी घ्या: ५०३ − २६७. तुमच्या वर्गात काही मुलं ३६४ उत्तर काढतील, मी पैजेवर सांगते. तो आकडा कुठून आला? पाचातून दोन गेले तीन. शून्यातून सहा जात नाहीत, मग सहातून शून्य, सहा. तिनातून सात जात नाहीत, मग सातातून तीन, चार. पोरानं अंदाजपंचे काहीही लिहिलेलं नाही. त्यानं एक नियम धरला आहे, मोठ्यातून लहान काढायचं, आणि तो इमानदारीनं तिन्ही घरांत लावला आहे. त्याला 'नीट लक्ष दे' म्हणून उपयोग काय? त्याचं लक्ष नीटच होतं. त्याला ५०३ म्हणजे पाच शतक आणि तीन सुटे असं दिसत नाही, नुसते तीन अंक दिसतात. अशा मुलाला आणखी पन्नास वजाबाक्या घरी दिल्या तर तो चुकीच्या नियमात पन्नास वेळा पक्का होईल. त्याला लागतात शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या खोट्या नोटा. पाचशे तीन रुपये हातात द्या आणि दोनशे सदुसष्ट मागा. शंभराची एक नोट मोडल्याशिवाय त्याला ते देताच येणार नाहीत. मोडली की हातचा कळला.

तसंच ६१२ ÷ ६ = १२. एकाला सहा जात नाही, तर भागाकारात शून्य ठेवायचं हे राहिलं. त्याला एवढंच विचारा, 'बारा सक किती?' बहात्तर. 'मग सहाशे बारा कुठं गेले?' किंवा १/२ + १/३ = २/५. वरचे वर, खालचे खाली. इथे छेद समान करायची कृती पुन्हा फळ्यावर लिहू नका. विचारा, 'तुझ्याजवळ अर्धी भाकर होती, त्यात आणखी तुकडा मिळाला, आणि आता तुझ्याजवळ दोन पंचमांश. अर्ध्यापेक्षा जास्त का कमी?' पोरगं चपापतं. गणित त्या चपापण्यापासून सुरू होतं, म्हणून उत्तर सांगायची घाई करू नका. दशांशात ०.३५ हे ०.७ पेक्षा मोठं, कारण पस्तीस सातापेक्षा मोठे, हेही हमखास सापडेल.

आणि एक, जे बहुतेक शिक्षकांच्या नजरेतून सुटतं. फळ्यावर लिहा: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय? बहुतेक जण बारा म्हणतील, काही सतरा. अमेरिकेत नव्वदच्या दशकात सहावीच्या १४५ मुलांना हे विचारलं होतं, तर सात म्हणणारं एकही निघालं नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. पहिलीपासून मुलांनी बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' असाच घेतलेला असतो. त्या समजुतीवर आठवीचं एका चलातलं समीकरण उभंच राहू शकत नाही. दोन्हीकडून पाच वजा करा म्हटलं की त्याला वाटतं, मॅडम काहीतरी जादू करतात. किराणा दुकानातला दोन पारड्यांचा तराजू गावात अजून कुठेतरी सापडेल. तो एक दिवस वर्गात आणा.

हे सगळं कळायला चाचणी घेऊन भागत नाही. अशी आठ-दहा उदाहरणं द्या आणि एकेका मुलाजवळ पाच मिनिटं बसा. 'चूक' किंवा 'बरोबर' म्हणायचं नाही. एकच विचारायचं, 'कसं केलं रे, सांग बरं.' बरोबर उत्तरवाल्यालाही हेच विचारा, नाहीतर पोट्टे हुशार असतात, 'कसं केलं' म्हणजे चुकलं हे त्यांना दोन दिवसांत समजतं आणि ते खोडरबर काढतात. वर्ग पूर्ण व्हायला पंधरवडा लागेल. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यात आणखी पंधरवडा म्हणजे मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा येणार हे मला माहीत आहे. त्यांच्याशी काय बोलायचं ते शेवटी सांगते.

निदान झालं की रोज एक तास तिन्ही वर्गांचा एकत्र करा, आणि मुलं इयत्तेनं न बसवता अडलेल्या जागेनुसार बसवा. वजाबाकीवाले एकीकडे, भागाकारवाले एकीकडे, अपूर्णांकवाले एकीकडे. आठवीचा मुलगा सहावीच्या मुलीशेजारी बसला तर पहिले चार दिवस लाजेल. गटांना कच्चे-पक्के अशी नावं दिलीत तर कायमचा लाजेल, तेव्हा ती देऊ नका. दर दोन-तीन आठवड्यांनी गट मोडून पुन्हा लावा. 'प्रथम' संस्थेनं हीच पद्धत अनेक राज्यांत वापरली, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांच्या गटानं ती प्रयोग करून तपासली, आणि ती चालते असं दिसलं. तुमच्याकडे तिन्ही वर्गांचं गणित तुम्हीच घेता, म्हणजे वेळापत्रकात एक अदलाबदल केली की झालं.

नुसत्या सरावासाठी एक गंमत देते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. ३५२४ घ्या: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे कितीही करा, ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक पोरगं तिथं पोचतं, आणि नाही पोचलं तर कुठेतरी हातचा चुकला हे त्याचं त्यालाच कळतं, तुम्हाला वही तपासावी लागत नाही. कच्च्या मुलांना तीन अंकी द्या, तिथे ४९५ वर गाडी थांबते.

आता वेचणीच्या हिशेबाबद्दल. यावर मला जरा बोलायचं आहे, कारण 'गणित जीवनाशी जोडा' हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकायला मिळतं आणि त्यापुढे कुणी जात नाही. कल्पना आपल्या भागाला नवी नाही. १९३७ साली वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवायचा नई तालीमचा विचार तिथून पुढे गेला. पण कामात गणित आहे म्हणून वहीत ते आपोआप उतरतं, असं होत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नारळ विकणाऱ्या मुलांबद्दल १९८५ सालीच हे दिसलं होतं. बॅनर्जी-डफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता व दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवरचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यातही तेच. बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाशी अवघड हिशेब बिनचूक करतात आणि तसलाच हिशेब शाळेच्या भाषेत दिला की अडतात. उलट नुसतं शाळेत शिकलेल्या मुलांना वहीतलं जमतं आणि बाजारातलं नाही. दोन्हीकडचे आपापल्या बाजूला अडकलेले. दोन्हींना जोडायचं काम कुणीतरी हातात खडू घेऊन करावं लागतं.

तुमच्या वर्गात ते कसं करायचं? आईबरोबर शेतात जाणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा, अडतीस किलो वेचला, बारा रुपये किलोनं किती झाले? तो डोळे मिटून सांगेल, 'चाळीसचे चारशे ऐंशी, दोन किलोचे चोवीस कमी, चारशे छप्पन्न.' आता त्यालाच वहीत ३८ × १२ करायला सांगा. बरीच मुलं ७६ आणि ३८ एकाखाली एक लिहून ११४ करतील, कारण दुसऱ्या ओळीचं घर सरकवायचं राहिलं. त्याला म्हणा, 'एकशे चौदा घेऊन घरी गेला तर माय काय म्हणंल?' सगळा वर्ग हसेल. त्यानंतर तो जे तोंडी बोलला तेच शब्द न बदलता फळ्यावर लिहा:

(४० − २) × १२ = ४८० − २४ = ४५६

आणि त्याला सांगा की याचं नाव वितरण गुणधर्म, आणि तो तू चौथीपासून वापरतोस. मग त्याच वाटेनं ३९ × १५, ९८ × ७. मग ३८ × ३८ कसं करशील? (४० − २)², म्हणजे १६०० − १६० + ४ = १४४४. हे आलं की आठवीचं विस्तार सूत्र आलं, फक्त चाळीसच्या जागी अ आणि दोनच्या जागी ब लिहायचं उरलं. बघा, भागाकार-गुणाकाराच्या तासातच अभ्यासक्रमाचा एक धडा निघाला.

बाकी धड्यांनाही असे दोर आहेत. 'सूट व कमिशन'ला पुस्तकातलं साड्यांचं दुकान कशाला हवं? सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव, पुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, बारावर घेतच नाहीत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. अकरा टक्के ओलावा निघाला तर क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे गेले. गाडीत बारा क्विंटल असेल तर? घरी बापाशी बोलायला पोराकडे आकडा असेल. 'चक्रवाढ व्याज'ला तर गाव भरलेलं आहे. 'शेकडा दोन'नं पैसे घेतले म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाचे चोवीस. दहा हजारांवर सरळ व्याज २,४०० होतं. व्याज थकलं आणि दर महिन्याला मुद्दलात चढत गेलं तर २,६८२ च्या आसपास. मुलांना आधी अंदाज करू द्या, की हा फरक शंभराच्या आत असेल का हजाराच्या वर. वर्षाचा फरक बारीक वाटतो. पाच वर्षांचा काढायला लावा, मुद्दलासह सरळ व्याजानं बावीस हजार, चढत्या व्याजानं बत्तीस हजारांच्या वर. म्हातारी माणसंही वर्गात बोलवा. पावकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेले आजोबा अजून आहेत, आणि 'सात अडीच' किती हे ते तुमच्या मोबाईलच्या आधी सांगतील. पाढे पाठ नकोत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. दहापर्यंतचे पाढे झोपेतून उठवलं तरी यायला हवेत. त्यापुढचे मात्र पाठांतरासाठी छडी घेऊन बसू नका, बारा म्हणजे दहा आणि दोन हे कळलं की तेरा-चौदाचे मुलं स्वतः बनवतात.

तुमच्या भागात गोरमाटी आणि कोलामी बोलणारी मुलं असणार. शाब्दिक उदाहरण त्यांना गणितामुळे अडतं का भाषेमुळे, हे आधी पाहा. उदाहरणातले आकडे झाकून गोष्ट काय आहे ती त्यांच्या बोलीत एकमेकांना सांगायला लावा. तुम्हाला समजलं नाही तरी चालेल, शेजारच्याला समजलं पाहिजे.

आता तो 'काहून'. पाऊण लिटर तेल आहे, अर्धपावाच्या, म्हणजे १/८ लिटरच्या, किती बाटल्या भरतील? उदाहरण आहे ३/४ ÷ १/८. आधी पूर्ण लिटरचं विचारा. एका लिटरात अर्धपाव आठ वेळा बसतो. मग पाऊण लिटरात आठाच्या पाऊणपट, म्हणजे सहा. 'उलटा करून गुणा' मधला तो उलटा केलेला आठ म्हणजे 'एकात किती वेळा बसतो' याचं उत्तर, बस. त्या पोराला वर्गासमोर सांगा की तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला आठवडा लागला. त्याला वर्षभर पुरेल.

सेमीबद्दल थोडक्यात. पालकांची इच्छा खोटी नाही. अकरावी विज्ञानाला गेलेलं पोरगं छेदाला डिनॉमिनेटर म्हणतात एवढ्यावरून घाबरतं, हे त्यांनी पाहिलं आहे. पण विचार करायची भाषा काढून घेतली तर छेदही जाईल आणि डिनॉमिनेटरही. शिकवणं, विचारणं, वाद घालणं मराठीत, त्यांच्या बोलीत. भिंतीवर दोन्ही शब्दांचा तक्ता लावा आणि आठवीच्या दुसऱ्या सत्रात रोज एक उदाहरण इंग्रजीतून वाचा. पालक सभेत हेच सांगा, आणि तक्ता दाखवा. नुसत्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तुमच्या बी.एस्सी.चं. अपेक्षित प्रश्नसंच घेऊन सिद्धता पाठ करणं हा तुमचा एकटीचा दोष नाही, परीक्षाच तशी असते. दरवर्षी तीच प्रमेयं, तोच क्रम, आणि वर्गात प्राध्यापक लिहिणार, मुलं उतरवणार. २०१४ साली विज्ञान-गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास व्हायची शक्यता, मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला लावणाऱ्या वर्गापेक्षा दीडपट निघाली. म्हणजे तुमच्या आठवीचा आणि विद्यापीठाचा रोग एकच आहे. उत्तर मागतात, ते कसं आलं हे कुणी विचारत नाही. आणि अशाच वर्गातून निघालेला पदवीधर पुढे शाळेत 'नियम आहे' म्हणतो.

एपसिलॉन-डेल्टा मात्र एकदा पुन्हा हातात घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. शंभर फूट बाजूचा चौरस प्लॉट, क्षेत्रफळ दहा हजार चौरस फूट. तुम्ही मला सांगा, क्षेत्रफळात दोनशे चौरस फुटांपेक्षा कमीच फरक चालेल. मी सांगेन, मग बाजू मोजताना अकरा इंचांपेक्षा जास्त चुकू नका. (पूर्ण एक फूट चुकलात तर २०१ होतात, करून पाहा.) तुम्ही म्हणाल, नाही, वीसच चालतील. मी म्हणेन, मग एका इंचाच्या आत राहा. तुम्ही कितीही बारीक अट घाला, मी तिला पुरेल असं माप देऊ शकले, तर ते फलन, म्हणजे बाजूवरून क्षेत्रफळ काढायचा नियम, तिथे सतत (कंटिन्युअस) आहे. तुमची अट एपसिलॉन, माझं माप डेल्टा. आता तुमची जुनी वही काढा आणि ती सिद्धता पुन्हा वाचा. नात्यातलं कुणी बी.एस्सी.ला गणित घेऊन असेल तर त्याला एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या उन्हाळी शिबिराबद्दल सांगा. १९९३ पासून चालू आहे, आणि तिथे प्रश्न विचारत विचारतच गणित शिकवतात.

राहिले मुख्याध्यापक. त्यांच्याशी शिक्षणशास्त्रावर वाद घालू नका. ते बिचारे केंद्रप्रमुखांना उत्तर देतात, केंद्रप्रमुख तालुक्याला. त्यांना दाखवता येईल असा कागद द्या. जुलैत ५०३ − २६७ किती मुलांना आलं, ६१२ ÷ ६ किती जणांना, चौकटीत सात कुणी लिहिले. दिवाळीच्या सुट्टीआधी तीच उदाहरणं, आकडे बदलून, पुन्हा. टाचणात रोज दोन्ही लिहा: पुस्तकातला घटक कोणता आणि एकत्र तासात कोणता गट काय करत होता. विस्तार सूत्रं, सूट-कमिशन, व्याज हे धडे कसे निघाले ते वर आलंच. सगळंच निघणार नाही. बहुपदींचा भागाकार घाईत उरकावा लागला तर उरकू द्या, नववीला तो पुन्हा भेटतो. भूमितीचे तास मात्र मोडू नका, वजाबाकीत अडलेली कितीतरी मुलं तिथे पुढे असतात आणि त्यांना आठवड्यातून दोनदा तरी पुढे असायला मिळालं पाहिजे.

आणि केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेला जाताना तीन-चार मुलांच्या वह्या पिशवीत टाका, नावं झाकून. चहाच्या वेळी ३६४ वालं पान उघडून शेजारच्या शाळेतल्या सरांसमोर ठेवा आणि विचारा, 'सर, हे पोरानं कसं केलं असेल?'